समोरची काच बदलताना : आधुनिक आलिशान एसयूव्हीतील काच, कॅमेरा आणि कॅलिब्रेशन

नवी दिल्ली : महामार्गावर पुढे धावणाऱ्या डंपरमधून उडालेला खडा मोटारीच्या समोरच्या काचेवर आदळतो, बारीकसा टवका उडतो आणि काही दिवसांत त्याचा तडा होऊन तो काचभर पसरतो. भारतीय रस्त्यांवर हा अनुभव नवा नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा वेळी करावयाचे काम सरळ होते. जुनी काच काढायची, त्याच मापाची नवी बसवायची आणि गाडी घेऊन निघायचे. आजच्या आलिशान एसयूव्हीमध्ये मात्र हीच काच कॅमेऱ्याची खिडकी, पावसाच्या संवेदकाचा आधार, चालकासमोरील माहितीचा पडदा आणि गाडीच्या सांगाड्याचा एक भाग अशी अनेक कामे एकाच वेळी करते. परिणामी काच जागेवर बसली म्हणजे काम संपले, असे आता म्हणता येत नाही. तिला धरून ठेवणारे सीलंट पुरेसे वाळले आणि तिच्याआडचा कॅमेरा पुन्हा अचूक लावला गेला, की मगच काच बदलली असे म्हणता येते.

हा विषय आता केवळ अतिमहागड्या गाड्यांपुरता उरलेला नाही. स्वयंचलित ब्रेक लावणाऱ्या आणि मार्गिका सांभाळणाऱ्या चालक-साहाय्य यंत्रणा, म्हणजेच ‘अडास’, २०२०-२१पासून एमजी ग्लॉस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही७०० यांसारख्या गाड्यांबरोबर भारतातील मध्यमवर्गीय ग्राहकापर्यंत पोहोचल्या. त्यामुळे आलिशान गाडीच्या मालकाला आज पडणारे प्रश्न उद्या बऱ्याच मोठ्या वर्गाला पडणार आहेत.

दोन काचा आणि मधला पडदा

मोटारीची समोरची काच वस्तुतः दोन काचांची बनलेली असते. साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल, म्हणजेच पीव्हीबी, या चिवट प्लास्टिकचा पातळ पडदा उष्णता आणि दाब देऊन बसवलेला असतो. या पडद्याची प्रचलित जाडी ०.७६ मिलिमीटर आहे. आघात झाला तर काच तडकते, परंतु तुकडे पडद्याला चिकटून राहतात. प्रवाशांच्या अंगावर ते उडत नाहीत आणि आतील माणूसही सहसा काचेतून बाहेर फेकला जात नाही. याउलट दारांच्या काचा बहुधा टफन केलेल्या, एकपदरी असतात. त्या फुटल्या की त्यांचा बोथट दाण्यांसारखा चुरा होतो.

या शोधाचे श्रेय फ्रेंच चित्रकार व रसायनज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांना दिले जाते. १९०३मध्ये प्रयोगशाळेत खाली पडलेला एक काचपात्र तडकला, पण विखुरला नाही. आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने तुकडे धरून ठेवले होते, अशी ही हकिकत सांगितली जाते. १९०९मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. सुरुवातीचे सेल्युलॉइडचे थर उन्हाने पिवळे पडत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस पीव्हीबी आले आणि ही अडचण दूर झाली.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १००नुसार मोटारीची समोरची काच लॅमिनेटेड सुरक्षा काच असणे बंधनकारक आहे. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असेही हा नियम सांगतो. रस्ते वाहतुकीसाठीच्या सुरक्षा काचेचे भारतीय मानक आयएस २५५३ (भाग २) हे आहे.

काच हा सांगाड्याचाही भाग

जुन्या गाड्यांमध्ये काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असे. आधुनिक गाड्यांमध्ये ती पॉलियुरेथेन सीलंटने, ज्याला कामगार ‘पीयू’ म्हणतात, चौकटीला कायमची चिकटवलेली असते. चिकटवलेली काच पुढच्या दोन खांबांना आणि छताला एकमेकांशी जोडून धरते. गाडी उलटल्यास छत दबू न देण्यात तिचा हातभार लागतो.

एअरबॅगशीही तिचा थेट संबंध आहे. चालकाशेजारील प्रवाशाची एअरबॅग अनेक गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या वरच्या भागातून उघडते, काचेवर आपटते आणि तेथून प्रवाशाच्या दिशेने वळते. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडते. त्या क्षणी सीलंट कच्चे असेल तर काच चौकटीतून सुटू शकते आणि एअरबॅगला टेकायला आधारच उरत नाही. अर्धवट वाळलेल्या काचेची ही जोखीम रोजच्या वापरात दिसत नाही. पाणी गळत नाही, वाऱ्याचा आवाज येत नाही, म्हणजे काच पक्की बसली असा समज करून घेणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

काचेआडची उपकरणे

आलिशान एसयूव्हीच्या काचेत आणि काचेमागे काय काय असते, हे माहीत असल्याशिवाय तिच्या किमतीचा किंवा तिला लागणाऱ्या वेळेचा उलगडा होत नाही.

यात सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे आरशामागील कॅमेरा. रस्त्यावरील पट्टे, पुढची वाहने, पादचारी आणि वेगमर्यादेचे फलक तो टिपतो. मर्सिडीज-बेन्झच्या अनेक मॉडेलांत दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा असतो. दोन डोळ्यांप्रमाणे तो अंतराचाही अंदाज घेतो. व्होल्वोने २०१५ सालच्या नव्या एक्ससी९०मध्ये कॅमेरा आणि रडार ही दोन्ही उपकरणे एकाच पेटीत घालून काचेमागे बसवली होती. भारतात या गाडीची जुळणी २०१७पासून बेंगळुरूजवळ होऊ लागली. अशा रचनेत गाडी ब्रेक लावण्याचा निर्णय ज्या माहितीवर घेते, ती जवळपास सगळी काचेतूनच येते. कॅमेऱ्यासमोरच्या काचेच्या भागात लहरीपणा किंवा किंचित वक्रता असली तरी चित्र विकृत होते. म्हणून या चौकोनी भागाची प्रकाशीय गुणवत्ता उर्वरित काचेपेक्षा काटेकोर ठेवली जाते.

दुसरा घटक पावसाचा संवेदक. तो आतल्या बाजूने काचेत तिरके अवरक्त किरण सोडतो. काच कोरडी असताना ते बाहेरच्या पृष्ठभागावरून पूर्णपणे परावर्तित होऊन संवेदकाकडे परततात. पाण्याचा थेंब पडला की काही किरण त्यातून बाहेर निसटतात, परतणारा प्रकाश घटतो आणि वायपर आपोआप सुरू होतो. संवेदक व काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची चकती असते. काच बदलताना जुनीच, फाटकी चकती वापरली किंवा तिच्यात हवेचे बुडबुडे राहिले, तर कोरड्या उन्हात वायपर फिरू लागतो आणि मुसळधार पावसात थांबून राहतो.

तिसरा घटक हेड-अप डिस्प्ले. वेग आणि दिशादर्शन चालकाला काचेवर तरंगताना दिसते. साध्या काचेत आतील आणि बाहेरील अशा दोन पृष्ठभागांवरून परावर्तन होऊन आकडे दुहेरी दिसतात. हे टाळण्यासाठी अशा काचेतील पीव्हीबीचा पडदा पाचरीच्या आकाराचा, वरच्या कडेला किंचित जाड असतो. हा फरक मिलिमीटरच्या अंशाचा असल्याने नुसत्या नजरेला दिसत नाही. त्यामुळे हेड-अप डिस्प्ले असलेल्या गाडीला साधी काच व्यवस्थित बसते, पण आकड्यांना सावली पडते.

याखेरीज आवाज शोषून घेणारा मऊ मधला थर, उष्णता परतवणारे धातूचे अतिसूक्ष्म लेपन, लँड रोव्हरच्या काही गाड्यांत दव व बर्फ वितळवणाऱ्या बारीक तारा आणि काही काचांत अँटेना अशी भर पडलेली असते. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या काचा यामुळे वेगळ्या असू शकतात. म्हणून काच मागवताना मॉडेल आणि वर्ष सांगणे पुरेसे नसते. सतरा अक्षरांचा चॅसिस क्रमांक देऊन त्या गाडीच्या मूळ रचनेशी सुटा भाग पडताळून घ्यावा लागतो.

दुरुस्ती शक्य आहे का?

प्रत्येक टवक्यासाठी काच बदलावी लागत नाही. टवका लहान असेल, केवळ बाहेरच्या काचेला लागला असेल आणि त्यात धूळ-पाणी शिरलेले नसेल, तर दुरुस्ती करता येते. तंत्रज्ञ टवक्यातील हवा ओढून घेतो, त्यात पारदर्शक रेझिन भरतो आणि अतिनील प्रकाशाने ते कडक करतो. डाग पूर्णपणे जात नाही, मात्र तडा पुढे सरकणे थांबते. कारखान्यात बसवलेले मूळ सीलंट आणि कॅमेऱ्याची मूळ मांडणी यांना हात लागत नाही, हा दुरुस्तीचा सर्वांत मोठा लाभ होय.

चालकाच्या थेट दृष्टिपथातील, काचेच्या कडेजवळील, दोन्ही काचांत शिरलेल्या किंवा कॅमेऱ्यासमोरील इजेसाठी मात्र काच बदलणे हाच सुरक्षित पर्याय मानला जातो. ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीत चालकासमोरील, स्टिअरिंगच्या मध्यावर धरलेल्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा असेल तर गाडी नापास होते. वायपर फिरणाऱ्या उर्वरित भागासाठी ही मर्यादा ४० मिलिमीटर आहे. निर्णय घेताना हे आकडे ढोबळ मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडू शकतात.

टवका पडल्यावर त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ आणि ओल आत जात नाही. उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतणे किंवा वातानुकूलन यंत्राचा गार झोत थेट तिच्यावर सोडणे टाळावे. तापमानातील अशा झटक्याने लहान टवक्याचा तडा होण्यास वेळ लागत नाही.

काच बदलण्याचे टप्पे

चांगल्या कार्यशाळेत काम काचेपासून नव्हे, संगणकापासून सुरू होते. स्कॅनर जोडून गाडीत आधीपासून कोणते दोष नोंदले आहेत ते पाहिले जाते. पुढे वाद झाल्यास ही नोंद ग्राहक आणि कार्यशाळा दोघांनाही उपयोगी पडते.

त्यानंतर वायपर, त्यांच्याखालचे प्लास्टिकचे आवरण, खांबांवरील पट्ट्या, कॅमेरा आणि संवेदक उतरवले जातात. जुने सीलंट कापण्यासाठी पूर्वी पात्याचा वापर सर्रास होई. आता डॅशबोर्ड आणि रंग यांना ओरखडा पडू नये म्हणून मजबूत तार किंवा दोरा वापरण्याची पद्धत रूढ होत आहे. काच निघाल्यावर चौकटीवरील जुने सीलंट खरवडून पत्रा उघडा करायचा नसतो. त्याचा एक-दोन मिलिमीटरचा समतल थर राखला जातो, कारण नवे सीलंट ताज्या कापलेल्या जुन्या थराला उत्तम धरते. पत्र्यावर कोठे ओरखडा गेलाच, तर तेथे लगेच प्रायमर लावणे आवश्यक असते. अन्यथा काचेखाली न दिसणारा गंज धरतो आणि काही वर्षांनी पाणी झिरपू लागते.

ॲल्युमिनिअमच्या सांगाड्याच्या गाड्यांत आणखी काळजी घ्यावी लागते. २०१२पासूनच्या रेंज रोव्हरचा सांगाडा ॲल्युमिनिअमचा आहे. सीलंटमधील कार्बनमुळे वीज वाहून धातू झिजू नये आणि काचेतील अँटेनाच्या कामात अडथळा येऊ नये, यासाठी अशा गाड्यांना वीज न वाहणारे सीलंट लागते. कार्यशाळेतील एकच नळी सर्व गाड्यांना चालत नाही.

नव्या काचेच्या कडेचा काळा पट्टा केवळ शोभेचा नसतो. काचेवर भाजून पक्का केलेला हा चिनी मातीसारखा थर सीलंटचे अतिनील किरणांपासून रक्षण करतो. हा पट्टा स्वच्छ केल्यावर त्याला बोट लावायचे नसते, कारण हाताचे तेलही पकड कमी करते. यानंतर त्रिकोणी नाकाच्या नळीने सीलंटची अखंड, एकसारख्या उंचीची रेघ ओढली जाते. मग दोन माणसे व्हॅक्यूमच्या पकडींनी काच उचलून एकाच वेळी जागेवर टेकवतात. एकदा टेकवलेली काच पुन्हा उचलून बसवणे योग्य नव्हे.

पुढचा टप्पा थांबण्याचा असतो आणि घाई सर्वाधिक येथेच होते. मोटारीच्या काचेसाठी वापरले जाणारे प्रचलित पीयू सीलंट हवेतील ओलाव्याने घट्ट होते. गाडी रस्त्यावर आणण्यास सुरक्षित होईपर्यंतचा किमान वेळ सीलंटच्या उत्पादकाने ठरवून दिलेला असतो. जलद प्रकारांत तो अर्ध्या-एक तासाचा, तर इतर प्रकारांत कित्येक तासांचा असतो. हवा कोरडी व थंड असेल तर तो लांबतो. राजस्थानातील हिवाळी सकाळ आणि कोकणातील दमट दुपार यांना म्हणूनच एकच घड्याळ लावता येत नाही. या काळात दारे आपटू नयेत. एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे आतील हवेचा दाब काचेला ढकलत नाही. पुढील एक-दोन दिवस जोरदार फवाऱ्याने गाडी धुणेही टाळावे.

एका अंशाचे अंतर

काच बसली, सीलंट वाळले, तरी कॅमेरा ‘कोठे पाहतो’ हे ठरवायचे राहतेच. कॅमेरा त्याच कंसात बसवला तरी नव्या काचेची वक्रता, सीलंटची जाडी आणि कंसाचा कोन यांत सूक्ष्म फरक पडतो. या फरकाचा परिणाम साध्या भूमितीने समजतो. कॅमेऱ्याची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर १०० मीटर अंतरावर ती चूक सुमारे १.७५ मीटर होते. राष्ट्रीय महामार्गावरील एका मार्गिकेची प्रमाण रुंदी ३.५ मीटर आहे. म्हणजे एका अंशाची चूक ही अर्ध्या मार्गिकेची चूक ठरते. शेजारच्या मार्गिकेतील ट्रक आपल्यासमोर आहे असे गाडीला वाटू शकते, किंवा खरोखर समोर असलेले वाहन तिच्या हिशेबातून निसटू शकते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. अशा वेळी विनाकारण लागलेला ब्रेक आणि न लागलेला ब्रेक हे दोन्ही घातक आहेत.

कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची ही दिशा पुन्हा अचूक ठरवणे, दोन प्रकारांनी होते. स्थिर पद्धतीत गाडी समतल जमिनीवर उभी करून तिच्यासमोर उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर व उंचीवर ठरावीक नक्षीचे फलक मांडले जातात आणि कॅमेरा त्यांच्याशी जुळवला जातो. त्याआधी टायरमधील हवा आणि चाकांचे अलाइनमेंट योग्य असावे लागते. गाडीतील अतिरिक्त सामान काढावे लागते. एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीची उंची नेमून दिलेल्या पातळीवर आणावी लागते, कारण गाडी वरखाली झाली की कॅमेऱ्याचा कोनही बदलतो. प्रकाश सारखा आणि जागा पुरेशी असणे, बॅटरीला बाहेरून आधार देणे, या गोष्टीही महत्त्वाच्या आहेत. रस्त्याच्या कडेला किंवा सोसायटीच्या उतारावरील वाहनतळात हे काम नीट होऊ शकत नाही.

गतिमान पद्धतीत स्कॅनर जोडून गाडी ठरावीक वेगाने, ठरावीक अंतर चालवली जाते आणि कॅमेरा रस्त्यावरील पट्टे पाहून स्वतःला जुळवून घेतो. त्यासाठी पट्टे स्पष्ट, हवामान स्वच्छ आणि वाहतूक सुरळीत असावी लागते. भारतातील अनेक शहरांत पट्टे पुसट असतात, तेथे ही चाचणी वारंवार अपुरी राहते. मग द्रुतगती मार्ग गाठावा लागतो. कोणत्या गाडीला स्थिर, कोणत्या गाडीला गतिमान आणि कोणत्या गाडीला दोन्ही पद्धती लागतात, हे उत्पादकाच्या कार्यपुस्तिकेत दिलेले असते. कार्यशाळेच्या सोयीने ते ठरवायचे नसते.

डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा नाही, म्हणजे कॅमेरा अचूक आहे, असेही समजता येत नाही. कॅमेरा जोडलेला नसेल किंवा पूर्णपणे भरकटलेला असेल तर यंत्रणा तक्रार करते, परंतु थोडासा चुकलेला कोन ती मुकाट्याने स्वीकारू शकते. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात, चालक-साहाय्य यंत्रणांची दुरुस्ती करून घेतलेल्या मालकांपैकी सुमारे निम्म्यांनी नंतर किमान एका यंत्रणेत अडचण आल्याचे सांगितले होते.

मूळ काच की पर्यायी काच?

मोटारींच्या काचा बनवणाऱ्या कंपन्या भारतात आहेत. असाही इंडिया ग्लास आणि सेंट-गोबेन सेकुरिट ही त्यांतील प्रमुख नावे असून सेकुरिटचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे. आलिशान गाड्यांच्या काचा मात्र अनेकदा परदेशातून मागवाव्या लागतात. साठा नसेल तर काही आठवडे थांबावे लागते. काही मॉडेलांत केवळ काचेची किंमत एक लाख रुपयांच्या पुढे जाते. पर्यायी काच स्वस्त असते आणि प्रत्येक पर्यायी काच निकृष्ट असते असे नाही. पावसाचा संवेदक, ध्वनिशोषक थर, हेड-अप डिस्प्लेचा पाचरी पडदा, कॅमेऱ्याचा कंस यांपैकी जे मूळ काचेत होते, ते सर्व तिच्यात आहे का, हा खरा प्रश्न आहे. कॅमेऱ्याचा कंस कारखान्यातच चिकटवलेला असावा. जुन्या काचेवरचा काढून नव्या काचेवर लावलेला कंस हा धोक्याचा संकेत आहे.

काचेच्या खालच्या कोपऱ्यातील छाप वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते. भारतीय मानकाची काच असेल तर तेथे आयएसआय चिन्ह असते. वर्तुळातील इंग्रजी ‘ई’ आणि त्यापुढील अंक हे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मिळालेल्या मान्यतेचे चिन्ह होय. त्यातील १ हा अंक जर्मनीचा, तर २ हा फ्रान्सचा. ज्या काचेवर कोणताही छाप नाही, ती कितीही स्वच्छ दिसली तरी नाकारणेच श्रेयस्कर.

विम्याचे गणित

भारतातील सर्वसमावेशक मोटार विम्यात प्लास्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, परंतु काचेच्या भागांवर घसारा नसतो. १,५०० घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीसाठी प्रत्येक दाव्यात २,००० रुपयांची अनिवार्य वजावट लागू होते. सीलंट, क्लिपा यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंचा खर्च मूळ विम्यात बहुधा येत नाही. त्यासाठी वेगळे पूरक संरक्षण घ्यावे लागते. कॅलिब्रेशनचा खर्च मान्य होणार का, हे काम सुरू होण्यापूर्वीच विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

दावा करावा की खर्च स्वतः करावा, हे ठरवताना विनादावा सवलत विचारात घेतली पाहिजे. ही सवलत पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्के आणि त्यानंतर २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी वाढत जाते. एक दावा केला की ती शून्यावर येते. उदाहरणार्थ, सवलतीपूर्वीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६०,००० रुपये आहे आणि सवलत ५० टक्क्यांवर पोहोचलेली आहे, असे धरू. गणित सोपे ठेवण्यासाठी हा हप्ता पुढेही स्थिर मानला, तर दाव्यानंतरच्या पाच वर्षांत मालकाला अनुक्रमे ३०,०००, १८,०००, १५,०००, ९,००० आणि ३,००० रुपये अधिक भरावे लागतील. एकूण बोजा ७५,००० रुपयांचा होईल. काचेचे बिल दीड लाखाचे असेल तर दावा लाभदायक ठरतो. ते ४०,००० रुपयांचे असेल तर खिशातून भरणे स्वस्त पडते. सवलत राखणारे पूरक संरक्षण घेतलेले असेल किंवा केवळ काचेच्या दाव्याने सवलत जात नाही अशी अट पॉलिसीत असेल, तर हे गणित बदलते. म्हणून पॉलिसीची कलमे आधी वाचावीत.

फास्टॅग आणि नोंदणीचा स्टिकर

जुन्या काचेबरोबर दोन महत्त्वाच्या वस्तू जातात. पहिली वस्तू फास्टॅग. तो सोलून काढला की त्यातील सर्किट तुटते आणि टॅग निकामी होतो. त्यामुळे टॅग देणाऱ्या बँकेकडून बदली टॅग घ्यावा लागतो. जुना टॅग डॅशबोर्डवर ठेवून किंवा हातात धरून दाखवण्याचा मार्गही बंद होत आहे. अशा सुट्या टॅगना काळ्या यादीत टाकण्याचे पाऊल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५मध्ये उचलले. चालू फास्टॅग नसलेल्या वाहनाला जादा पथकर भरावा लागतो. उष्णता परतवणाऱ्या धातूच्या लेपनाच्या काचेत रेडिओ लहरी अडतात. अशा काचेत लेपन न केलेली एक खिडकी राखलेली असते. टॅग तेथेच लावावा.

दुसरी वस्तू म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटीसोबत मिळणारा रंगीत स्टिकर. पेट्रोल व सीएनजी वाहनांना निळा आणि डिझेल वाहनांना नारिंगी असा हा स्टिकर काचेच्या आतील बाजूस असतो व काढताना फाटतो. त्याची बदली अधिकृत पुरवठादाराकडून मागवावी लागते.

गाडी ताब्यात घेताना

काम पूर्ण झाल्यावर मालकाने काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. काचेवरील छाप आणि बिलावरील सुट्या भागाचा क्रमांक जुळतो का? वापरलेल्या सीलंटचे नाव आणि गाडी चालवण्यास सुरक्षित होण्याची वेळ लेखी दिली आहे का? कामापूर्वीचा व कामानंतरचा स्कॅन अहवाल आणि कॅलिब्रेशन यशस्वी झाल्याची तारीखवार नोंद मिळाली का? चालकाच्या आसनावरून पाहताना रस्त्याच्या रेषा लहरत नाहीत ना, हेड-अप डिस्प्लेचे आकडे दुहेरी दिसत नाहीत ना, काचेवर पाणी शिंपडल्यावर वायपर आपोआप फिरतो का? मार्गिका सांभाळणारी यंत्रणा स्पष्ट पट्ट्यांच्या मोकळ्या रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर ठेवूनच पडताळावी. स्वयंचलित ब्रेकची परीक्षा मात्र रस्त्यावर कधीही घेऊ नये.

ही कागदपत्रे पुढील विमा दाव्यात आणि गाडी विकतानाही उपयोगी पडतात. कामात त्रुटी आढळली आणि कार्यशाळा दाद देत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील उणिवेची तक्रार करता येते. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. कॅलिब्रेशनचा अहवाल मिळाला नसेल, तर तो हाती येईपर्यंत गाडीच्या साहाय्यक यंत्रणांवर विसंबून न राहता, पुढच्या वाहनापासून अधिक अंतर राखूनच ती चालवणे इष्ट ठरेल.